वाळेल तोच कपडा गाडीत

पुण्यात कोणी ओळखीचे भेटले की आमच्या गाडीतल्या संसाराविषयी दोन प्रश्न हमखास येतात, एक संडासाचा आणि दुसरा स्वयंपाकाच्या गॅसचा. या दोन्ही गोष्टी पैसे मोजून करून घेता येतात आणि एकदा झाल्या की त्यांचा विचार करावा लागत नाही. कपड्यांविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि प्रत्यक्षात ट्रॅव्हलर गाडीचे घर करून त्यात वर्षातले बहुतेक महिने राहू लागल्यापासून सर्वांत जास्त विचार मला त्यांचाच करावा लागला आहे. कर्वेनगरच्या सदनिकेत आमची दोन मोठी लोखंडी कपाटे होती. गाडीत मला आणि यजमानांना डोक्यावरचा एकेक कप्पा आहे आणि बाकाखाली दोघांत मिळून एक खण आहे. दोन कपाटांतून दोन कप्प्यांत येताना काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे कशावरून ठरवावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

घरातले कपाट प्रसंगांच्या हिशेबाने भरलेले असते. कचेरीचे कपडे वेगळे, लग्नामुंजीचे वेगळे, सणावाराचे, बाजारात जाण्याचे, घरात वापरण्याचे वेगळे, आणि ही विभागणी घरात योग्यच असते, कारण तेथे नळाला पाणी, धुण्याचे यंत्र आणि गॅलरीत दोऱ्या असतात. गाडीत हा हिशेब चालत नाही. आमच्या टाकीत शंभर लिटर पाणी मावते आणि त्यातच पिणे, स्वयंपाक, भांडी व अंघोळी भागवाव्या लागतात. एक बादली साबणाच्या पाण्याची आणि दोन बादल्या खळबळण्याच्या धरल्या, तर एका धुण्याला चाळीस लिटर सहज लागतात. त्यामुळे एखादा कपडा कप्प्यात जाईल की नाही हे मी दोनच गोष्टींवरून ठरवते. तो किती थोड्या पाण्यात निघतो, आणि संध्याकाळी धुतला तर सकाळी गाडी हलवण्याच्या आत वाळतो का. रंग, शोभा, नवेपणा, कोणी दिला आणि केव्हा दिला, हे सारे त्यानंतर.

तंतूंचे काही गुणधर्म येथे उपयोगी पडतात. कोरडा भासणारा सुती कपडासुद्धा हवेतून आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा घेऊन बसलेला असतो, लोकर सुमारे सोळा टक्के, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. यावरून थंड प्रदेशात डोंगर चढणारी माणसे सुती कपडा पूर्णपणे टाळण्याचा सल्ला देतात, आणि गाडीत राहू पाहणारे आपल्याकडचे तरुण तोच सल्ला जसाच्या तसा उचलतात. मला तो आपल्या मुलखासाठी पटत नाही. वाळण्याच्या बाबतीत तंतूइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व विणीला आणि जाडीला असते. मलमलीचा कुडता वाऱ्यावर तास-दोन तासांत वाळतो, तर जाड जीनची विजार जुलै महिन्यात गुहागरला दोन दिवस दोरीवर राहिली तरी शिवणीपाशी आणि कमरेच्या पट्टीत ओलीच लागते. दोन्ही कपडे सुतीच आहेत. म्हणून आमच्या गाडीत सूत आहे आणि जीन नाही. यजमानांना तिची सवय नोकरीच्या काळापासून होती आणि ती सोडणे त्यांना जड गेले, तरी ओल्या जीनचे वजन आणि ती पिळताना मनगटांना होणारा त्रास लक्षात घेता आता तेही पातळ कापडाच्या, वरून दोरी ओवलेल्या विजारी वापरतात.

या सगळ्या विचारात मला पुन्हा नव्याने आवडू लागलेली वस्तू म्हणजे पंचा. सोलापूरच्या जाड, लूप असलेल्या टॉवेलांचे मला कौतुक आहे, पण त्या लुपांत धरलेले पाणी बंद गाडीत लवकर निघत नाही आणि दुसऱ्याच दिवशी त्याला कुबट वास येतो. पंचा पातळ, साध्या विणीचा आणि हाताला थोडा खरखरीत असतो, दोन-तीन वेळा धुतल्यावर मऊ होतो, अंग पुसून पिळला की मुठीएवढा होतो आणि खिडकीच्या दांडीवर पसरला तर स्वयंपाक होईपर्यंत वाळतो. धुतलेला कुडता आधी हाताने पिळावा, मग कोरड्या पंचावर सपाट पसरावा, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करावी आणि तिच्यावर गुडघा ठेवून दाबावे. कुडत्यातले उरलेले पाणी बरेचसे पंचात उतरते आणि कुडता वाळण्याचा वेळ जवळजवळ निम्मा होतो. ऊन असो वा नसो, ही कृती मी प्रत्येक धुण्याला करते. उन्हाच्या प्रवासात तोच पंचा भिजवून मानेवर टाकता येतो. मंडईच्या आसपासच्या दुकानांत तो अजूनही सहज मिळतो, आणि आमच्या गाडीत माणशी तीन पंचे आहेत.

उष्ण आणि कोरड्या हवेत तर सुती कपड्याला पर्यायच नाही. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गाडीचा पत्रा संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेला राहतो. अशा वेळी पूर्ण बाह्यांचा, सैल, पातळ सुती कुडता थोडा ओलसर करून घातला तर पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. कोकणात हाच उपाय निरुपयोगी ठरतो, कारण तेथील दमट हवा आणखी पाणी घ्यायला तयारच नसते. तेथे अंगाला न चिकटणारी सैल शिवण आणि वारा खेळेल अशी विरळ वीण एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

कृत्रिम धाग्याच्या कपड्यांविषयी माझे मत एका बाबतीत अगदी ठाम आहे. गाडीतला ओटा दोन हात लांबीचा असतो, मागे वळले की पलंग लागतो आणि शेगडीची ज्योत पोटापासून वीतभर अंतरावर असते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा कपडा ज्योतीला लागला तर तो वितळून त्वचेला चिकटतो. त्यामुळे गाडीत स्वयंपाक करताना कोणीही, मग ते यजमान असोत वा पाहुणे, अंगावर सुती कपडाच ठेवावा, पदर किंवा ओढणी खोचलेली असावी आणि बाह्या सैल लोंबणाऱ्या नसाव्यात, असा आमच्याकडे नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

थंडीच्या कपड्यांनी जागा सर्वांत जास्त खाल्ली असती, पण तेथे थोडे गणित केले की ओझे पुष्कळ कमी होते. साधारणपणे उंची हजार मीटरने वाढली की तापमान साडेसहा अंशांनी उतरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि लेह सुमारे ३५०० मीटरवर, म्हणजे केवळ उंचीमुळेच एकोणीस अंशांचा फरक पडतो, आणि रात्रीचा गारठा आणखी वेगळा. या फरकासाठी एकच जाड कोट घेतला तर तो वर्षातले दहा महिने कप्पा अडवून बसतो आणि दुपारच्या उन्हात काढून ठेवावाच लागतो. त्याऐवजी अंगाशी लोकरीचा पातळ सदरा, त्यावर फ्लीस, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या मऊ, ऊबदार कापडाचा अंगरखा, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे पातळ जाकीट असे तीन थर आम्ही ठेवले आहेत. यातले वरचे जाकीट पावसाळ्यात सह्याद्रीत रेनकोट म्हणून उपयोगी पडते आणि फ्लीस डिसेंबरात पुण्यातही लागते, त्यामुळे वर्षभर नुसते पडून राहते असे त्यांत काही नाही. मेरिनो लोकरीचा सदरा महाग असतो हे खरे, परंतु तो चार-पाच दिवस घातला तरी त्याला घामाचा वास येत नाही, आणि जेथे धुण्याला पाणीच नाही अशा स्पितीसारख्या भागात त्याची किंमत वसूल होते. पिसे भरलेली जाकिटे वजनाला हलकी व फार ऊबदार असतात, पण ती ओलावली की ऊब जाते. गाडीत झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासानेच पहाटे काचांवरून पाणी ओघळत असते, म्हणून आम्ही कृत्रिम भरावाची जाकिटे पसंत केली.

घोंगडीविषयी एक वेगळे वाक्य लिहिलेच पाहिजे. ती जड आहे, वाळायला फार वेळ घेते आणि माझ्या दोन्ही कसोट्यांवर सरळसरळ नापास होते, तरीही ती गाडीत आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि धनगर भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन मेंढरांमागे का चालतात याचे कारण तेच आहे. बसायला, पांघरायला, गाडी चिखलात रुतली तर खाली गुडघे टेकायला ती एकच वस्तू पुरते, आणि धुवावी तर ती क्वचितच लागते.

रात्रीच्या कपड्यांचा विचार बहुतेक जण शेवटी करतात, मी तो आधी करावा असे सांगेन. घरात गाऊन घालून झोपलेल्या बाईला दाराची घंटा वाजली तर ओढणी घ्यायला वेळ मिळतो. गाडीचे दार उघडले की समोर रस्ता असतो. पहाटे अडीच वाजता गस्तीचा हवालदार काच वाजवतो, पेट्रोल पंपावरचा मुलगा ट्रक लावायचा आहे म्हणून गाडी पुढे घ्यायला सांगतो, नाही तर अचानक वारा सुटल्यामुळे बाहेर बांधलेली ताडपत्री सोडवायला धावावे लागते. अशा वेळी कपडे बदलण्याइतकी जागाही नसते आणि वेळही नसतो. म्हणून ज्या कपड्यांत झोपायचे, त्याच कपड्यांत निःसंकोचपणे खाली उतरता आले पाहिजे. मी गुडघ्याखालपर्यंत येणारा गडद रंगाचा सुती कुडता आणि सैल पायजमा घालून झोपते. तो दिवसाही चालतो, त्यामुळे रात्रीचा असा वेगळा कपडाच लागत नाही आणि कप्प्यात तेवढी जागा वाचते.

आता साड्यांकडे वळते, कारण पुण्यातल्या मैत्रिणींना खरी काळजी त्यांची वाटते. मी साडी सोडलेली नाही. साडेपाच मीटरचे पातळ सुती वस्त्र किती उपयोगी आहे हे गाडीत राहिल्यावर अधिकच कळले, कारण ते नेसता येते, पांघरता येते, उन्हाच्या बाजूच्या खिडकीला पडदा म्हणून लावता येते आणि दोन झाडांमध्ये बांधून त्याचा आडोसाही होतो. माझ्या कप्प्यात चार साड्या आहेत, दोन रोजच्या सुती, एक वजनाला अगदी हलकी कोटा डोरिया आणि एक महेश्वरी. ही महेश्वरी अवचित ठरलेल्या साखरपुड्यापासून देवदर्शनापर्यंत सगळीकडे शोभते. देवस्थानांचा विचार करावाच लागतो. उज्जैनला महाकाळाच्या गाभाऱ्यात भाविकांना प्रवेश होता तेव्हा भस्मआरतीच्या वेळी आत जायला पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना साडी लागत असे. गुरुवायूरला आणि तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामींच्या मंदिरात पुरुषांना सदरा उतरवून मुंडू किंवा धोतर नेसूनच आत जावे लागते. देवळाबाहेर भाड्याने मिळणारी धोतरे कितीदा कोणाच्या अंगाला लागलेली असतात याचा विचार करून यजमानांचे एक सुती धोतर आम्ही कायम बाळगतो, आणि एरवी ते उन्हाळ्यात पांघरायला उपयोगी पडते.

ब्लाऊज मात्र सगळेच बदलावे लागले. चारही साड्यांवर चालतील असे काळा, मरून आणि मोतिया रंगांचे तीन सुती ब्लाऊज मी शिवून घेतले, आणि सदाशिव पेठेतल्या माझ्या जुन्या शिंपीदादांकडून कुडत्यांना दोन्ही बाजूंना खोल खिसे आणि आतून एक चोरखिसा लावून घेतला. गाडीतून उतरताना किल्ली, मोबाईल आणि थोडे पैसे अंगावरच असावे लागतात, कारण दार मागे ओढले आणि किल्ली आत राहिली तर घरच बंद होते. पुरुषांच्या कपड्यांना खिसे आपोआप मिळतात आणि बायकांना ते मागून घ्यावे लागतात, याचा मला मनापासून राग येतो. शिंपीदादांनी मात्र एका शब्दाने न विचारता मजबूत दुहेरी शिवण घालून दिली.

धुण्यासाठी आम्ही घट्ट झाकणाची वीस लिटरची बादली वापरतो. सकाळी निघताना तीत कपडे, पाणी आणि थोडीशी पावडर घालून झाकण लावायचे आणि बादली मागच्या बाजूला पट्ट्याने आवळून बांधायची. ताम्हिणी किंवा वरंधा घाटाची वळणे संपेपर्यंत कपडे आपोआप खळबळून निघतात आणि पुढच्या मुक्कामी फक्त स्वच्छ पाण्यातून काढावे लागतात. साबणाचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ न ओतता गाडीखालच्या सांडपाण्याच्या टाकीत ठेवून योग्य जागीच सोडावे, हे सांगण्याची गरज वाटू नये, पण नदीकाठी उतरलेल्या गाड्यांचा वर्तनक्रम पाहता ती वाटते. वाळत घालण्यासाठी मागचे दार आणि शिडी यांच्यामध्ये नायलॉनची पिळाची दोरी असते, जिच्या पिळातच कपड्याचे टोक अडकवता येते आणि चिमटे लागत नाहीत. आतले कपडे ढाब्याच्या अंगणात उघड्यावर वाळत घालणे मला जमत नाही, आणि दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळवलेले ते नीट वाळतही नाहीत. म्हणून मागच्या काचेच्या आतल्या बाजूला, पडदा ओढून, ऊन थेट पडेल अशी एक आखूड दोरी त्यांच्यासाठी बांधली आहे.

इस्त्रीचा विचार सोडून द्यावा. हजार वॅटची इस्त्री बारा व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरमधून चालवायची तर ऐंशीहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो, आणि पंधरा मिनिटांत बॅटरीतले वीस अँपिअर-तास संपतात, ज्यांवर पंखा आणि दिवे मिळून एक रात्र निघते. कपडे ओलसर असतानाच हाताने ताणून वाळत घातले आणि घड्या घालून गादीखाली ठेवले तर रोजच्यापुरते पुष्कळ होते. कोठे समारंभाला जायचेच असेल तर तांब्यात उकळते पाणी घालून त्याच्या बुडाने मी साडीच्या निऱ्या सरळ करते. माझी आजी हे करत असे आणि सुती साडीवर ते आजही उत्तम होते.

पावसाळ्यात सांभाळावे ते ओल्या हवेपासून. पुण्यात वर्षाकाठी सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अवघ्या सव्वाशे किलोमीटरवरच्या महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, त्यामुळे पुण्याच्या हवेत नीट राहिलेले कपडे घाट चढताच चार दिवसांत बुरशी धरू शकतात. कप्प्यांच्या दारांना जाळी बसवून घेतली की आत वारा फिरतो. कपडे कोंबून न भरता हात जाईल एवढी जागा रिकामी ठेवावी, आणि ऊन पडले की कप्पा पूर्ण मोकळा करून प्रत्येक घडी उलगडावी. कसर लागू नये म्हणून अनेक जण डांबरगोळ्या टाकतात. ज्या खोलीत आपण झोपतो त्याच खोलीचा एक कोपरा म्हणजे हा कप्पा असतो आणि डांबरगोळ्यांची वाफ रात्रभर श्वासावाटे घेणे चांगले नाही, म्हणून मी त्या गाडीत आणू देत नाही. वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवते आणि दोन-तीन महिन्यांनी बदलते. जड कपडे बाकाखालच्या खणात आणि हलके वर, ही मांडणीही पाळावी, कारण डोक्यावरच्या कप्प्यांत वजन वाढले की वळणावर गाडी अधिक कलते.

जे गाडीत आले नाही त्याचे काय केले, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लहानपणी वाड्यात बोहारीण यायची आणि चार जुन्या कपड्यांवर एक पातेले देऊन जायची. आता आमच्या सोसायटीत तिची हाक ऐकू येत नाही. यजमानांचे कचेरीचे सदरे आणि माझे चांगल्या स्थितीतले पंजाबी ड्रेस ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या संकलनात दिले. विरलेल्या सुती साड्यांची एका ओळखीच्या बाईंकडून गोधडी शिवून घेतली आणि ती गाडीत आमच्या पलंगावर आहे. उरल्या त्या पैठणी, शालू आणि आईची इरकल, ज्यांना गाडीची हवा मानवणार नव्हती आणि ज्या देऊन टाकणे मला मान्य नव्हते. कितीही कमी जागेत राहायचे ठरवले तरी या तीन वस्त्रांवर पाण्याची आणि वाळण्याची कसोटी मी लावली नाही आणि लावणारही नाही. एरंडवण्यात नणंदेकडे पत्र्याची एक पेटी ठेवली आहे, तीत ती मलमलीत गुंडाळून असतात.

“वहिनी, या पेटीची किल्ली माझ्याकडे राहू दे, दसऱ्याला मी घड्या मोडून ठेवत जाईन,” असे वन्सं पहिल्याच वर्षी म्हणाल्या आणि तसे त्या नेमाने करतात. घडी वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली तर जरीची तार तेथेच तुटते, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. दिवाळीला आम्ही पुण्यात येतो तेव्हा पेटी आणि गाडीचे दोन्ही कप्पे एकाच दिवशी उघडतो. वर्षभरात ज्या कपड्याला हात लागला नाही तो गाडीतून उतरतो, आणि नवा एक चढवायचा असेल तर आधी जुना एक उतरवावा लागतो. या दिवाळीला यजमानांचा लक्ष्मी रोडवरून शिवून घेतलेला लोकरी कोट भाच्याला द्यायचे ठरले आहे. तो त्याला खांद्यात बसतो, बाह्या मात्र इंचभर आखूड पडतात, आणि आत कापड दुमडलेले असल्यामुळे ते सोडून बाह्या वाढवता येतील, असे शिंपीदादांनी सांगितले आहे.